घरातील इंटरनेट मंदावते तेव्हा



इंटरनेट नाही असे घर आज आपल्या धर्मग्रामात विरळाच. कुणाचा मुलगा आखातात आहे, कुणाची मुलगी कॅनडात, कुणाचे यजमान जहाजावर. मुलांचा अभ्यास, बँकेचे व्यवहार, वीजबिल, सारे त्या एका तारेवर येऊन ठेपले आहे. ही तार मंदावली की ‘काय बिघडले?’ असे विचारण्याआधीच आपण ‘कुणी बिघडवले?’ असे विचारतो. कंपनीने फसवले, शेजाऱ्याने चोरले, नाहीतर धाकट्याने गेम लावला! पुराव्याआधीच निकाल तयार असतो. म्हणून आज दोन प्रश्नांचा विचार करू या. दोष प्रामाणिकपणे शोधायचा कसा? आणि तो सापडल्यावर मागे सरायचे कुणी?

दोष शोधण्याची रीत साधी आहे. प्रथम लॅपटॉप वायरने थेट राउटरला जोडून वेग मोजावा. वायरवर पूर्ण वेग मिळत असेल तर कंपनीची लाइन ठीक आहे, अडथळा घरातच आहे. राउटर लोखंडी कपाटामागे ठेवला असेल, मध्ये जुन्या घराच्या जाड भिंती असतील, किंवा जवळ मायक्रोवेव्ह चालू असेल. मायक्रोवेव्ह आणि २.४ गिगाहर्ट्‌झचे वायफाय एकाच पट्ट्यातील लहरी वापरतात, त्यामुळे एकाचा त्रास दुसऱ्याला होतो. वायरवरही वेग कमी असेल तर पहाटे आणि रात्री असा दोनदा मोजावा. फक्त रात्री कमी असेल तर लाइनवर गर्दी आहे. दोन्ही वेळा कमी असेल तर मात्र लाइन किंवा कंपनी यांच्याकडे बोट दाखवायला आधार मिळतो.

आणखी एक गोष्ट. जाहिरातीतला वेग मेगाबिटमध्ये असतो, तर फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणजे ४० मेगाबिटच्या जोडणीवर सेकंदाला सुमारे ५ मेगाबाइटच उतरणार. हा हिशेब माहीत नसल्यामुळे कितीतरी जण तक्रार केंद्रातील मुलीवर ओरडतात. ती बिचारी कुणाची तरी लेकच ना? पावसात खांबावर चढणारा लाइनमनही कुणाच्या तरी घरचा आधार असतो. आपण पैसे भरले, म्हणून अपमान करण्याचा हक्क विकत घेतला असे होत नाही. याचा अर्थ अन्याय मुकाट्याने सोसावा असाही नाही. मोजलेले आकडे, दिवस, वेळ लिहून ठेवावी, तक्रारीचा क्रमांक घ्यावा आणि चिकाटीने पाठपुरावा करावा. पुराव्यानिशी केलेली तक्रार न्यायाची असते. नुसत्या रागाने फार तर आपले मन मोकळे होते.

आता दुसरा, अधिक कठीण प्रश्न. पुष्कळदा लाइन ठीक असते, राउटर ठीक असतो आणि तरीही संध्याकाळी आजीचा नातवाशी चाललेला व्हिडिओ कॉल तुटतो. कारण त्याच वेळी कुणाच्या तरी फोनवरून लग्नाचे फोटो वर चढत असतात आणि बाहेरच्या खोलीत सिनेमा चालू असतो. मोठ्या फाइलींची रांग राउटरमध्ये साचते आणि कॉलचे छोटे तुकडे त्या रांगेत मागे अडकतात. पोस्टाच्या खिडकीवर एखाद्याने शंभर पार्सले ठेवली, तर मागच्या माणसाचे साधे पत्रही खोळंबते, तसेच हे.

अशीच कोंडी ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेत झाली. बर्कली येथील लॉरेन्स प्रयोगशाळा आणि तेथील विद्यापीठ यांच्यात जेमतेम ४०० यार्डांचे अंतर. त्यांच्यामधल्या जोडणीचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून अवघ्या ४० बिटांवर घसरला. हरवलेली माहिती प्रत्येक संगणक घाईघाईने पुन्हा पुन्हा पाठवत होता आणि गर्दीत भरच घालत होता. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये उपाय मांडला. माहिती हरवू लागली की ती गर्दीची खूण समजावी, पाठवणाऱ्याने आपला वेग एकदम कमी करावा, मग अंदाज घेत हळूहळू वाढवावा. वरून हुकूम सोडणारा कुणी नाही. प्रत्येकाने आपापल्या जागी आवर घालायचा. इंटरनेट आजही मोठ्या प्रमाणात या संयमावर उभे आहे.

मग हाच नियम घराला लावला की झाले? नाही. येथे एक मोठा फरक आहे. जाळ्यात गर्दी झाली की जास्त घेणाऱ्याचीही माहिती हरवते, म्हणून त्यालाही इशारा मिळतो. घरात तसे होत नाही. सिनेमाचा पुढचा भाग यंत्राने आधीच साठवून ठेवलेला असतो, त्यामुळे पाहणाऱ्याला काहीच जाणवत नाही. कॉल मात्र साठवता येत नाही, तो त्याच क्षणी पोचावा लागतो. म्हणजे जो जास्त घेतो त्याला त्रास कळत नाही, आणि ज्याला त्रास होतो त्याच्यापाशी अनेकदा बोलायचे धाडस नसते. आजी म्हणते, “जाऊ दे बाळा, उद्या बोलेन.” आपणही ते लगेच खरे मानतो.

आपल्याला त्रास नाही म्हणजे सारे ठीक आहे, असे समजणे हेच या गोष्टीचे मूळ आहे. इंटरनेटपुरतेच कशाला? पाणी, घरखर्च, आईचा वेळ, सगळीकडे हेच घडते. “बिल मी भरतो” हे उत्तरही अपुरे आहे. बिल भरल्याने जोडणी आपल्या नावावर होते, पण गरज कुणाची मोठी ते त्यावरून ठरत नाही. आपल्याकडे बावखलाचे पाणी पाळीपाळीने वाडीला लावत. ज्याची रोपे सुकत चालली आहेत त्याला आधी पाणी देण्यात कुणाला कमीपणा वाटत नसे.

काही राउटरांत प्रत्येकाला पाळीने वाट देण्याची सोय असते, ती अवश्य वापरावी. पण आजीचा कॉल महत्त्वाचा की सिनेमा, हे यंत्र ठरवणार नाही. ते आपल्याला ठरवावे लागेल. तेव्हा या आठवड्यात रोझरीनंतर पाच मिनिटे एकत्र बसू या. कुणाची ऑनलाइन परीक्षा कधी, परदेशचा फोन कधी, हे एकमेकांना विचारू या. मोठ्या फाइली रात्री उशिरासाठी ठेवू या. आणि घरात जो सर्वात कमी बोलतो, त्याला सर्वात आधी विचारू या.