धरून सोडण्याचा धर्म

मनुष्याच्या कांहीं करमणुकी अशा आहेत कीं, त्यांचा निवाडा करूं गेलें असतां नीतीचीं नेहमींचीं मापें अपुरीं पडतात. गळानें मासा धरावा, झुंजवून थकवावा, कांठाशीं आणून त्याचें वजन पाहावें आणि पुनः पाण्यांत सोडून द्यावा, ही त्यांपैकींच एक. पोटासाठीं जाळें टाकणाऱ्या कोळ्याला आपण दोष देत नाहीं, कारण त्याची गरज आपल्याला समजते. शिकाऱ्याला दोष देणें सोपें असतें, कारण त्यानें केलेली हत्या डोळ्यांपुढें पडलेली असते. पण जो खात नाहीं व मारीतही नाहीं, केवळ झुंजीच्या आनंदासाठीं मुक्या जीवाला घटकाभर छळतो आणि मग मोकळा करतो, त्याला काय म्हणावें? आणि त्याहूनही बिकट प्रश्न असा कीं, मासा कोठें आहे हें त्याला दाखवून त्यावर आपलें पोट भरणारा जो वाटाड्या, त्याच्या पदरीं पाप बांधावें कीं पुण्य?

हा विनोद आपल्याकडे साहेबाबरोबर आला असें कोणी समजूं नये. बाराव्या शतकांत कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर यानें रचलेल्या मानसोल्लासांत 'मत्स्यविनोद' हें एक स्वतंत्र प्रकरणच आहे. उलटपक्षीं अशोकानें आपल्या पांचव्या स्तंभलेखांत वर्षांतील ठराविक दिवशीं मासे मारूं नयेत व विकूं नयेत अशी आज्ञा कोरविली. दोन्ही परंपरा आपल्याच. तेव्हां नुसत्या परंपरेच्या साक्षीवर हा खटला निकालांत निघावयाचा नाहीं. तो एखाद्या खऱ्या नदीच्या कांठींच चालविला पाहिजे.

अशी नदी म्हणून कावेरी घेऊं. शिवसमुद्राचे धबधबे उतरून ती मेकेदाटूच्या चिंचोळ्या खिंडीकडे जाते, त्या पट्ट्यांत भीमेश्वरी, गालीबोरे अशीं ठिकाणें आहेत. तेथील खडकाळ डोह हें महासीर ह्या बलाढ्य माशाचें घर. १९४६ सालीं कावेरीला मिळणाऱ्या कबिनी नदींत १२० पौंड वजनाचा महासीर गळाला लागला होता. पुढें सुरुंग टाकून मासे मारणाऱ्यांनीं डोहांची लूट चालविली. तेव्हां नदीचा कांहीं भाग गळाच्या हौशी मंडळींसाठीं राखून तेथें छावण्या घालण्यांत आल्या. धरलेला प्रत्येक महासीर जिवंत सोडावा असा दंडक झाला. आणि ज्यांनीं पूर्वीं चोरून मासे मारले होते त्यांतल्याच कित्येकांना वाटाडे व राखणदार म्हणून पगार मिळूं लागला.

अशा वाटाड्याचा हंगाम म्हणजे हिवाळ्यापासून वळवाच्या पावसापर्यंतचे कोरडे महिने. नाचणीचें पीठ मळून व उकडून आमिषाचे घट्ट गोळे करावेत. पाहुण्याला कानडींत हरिगोलु म्हणतात त्या टोपलीसारख्या वाटोळ्या नावेंत बसवून धारेच्या कडेला न्यावें. दोरी पाण्याखालच्या खडकांत गुंतली तर नाव तिकडे वल्हवून ती मोकळी करावी, असा त्याचा दिवस जाई. कोणत्या डोहांत मासा केव्हां येतो हें ज्ञान त्याला पूर्वींही होतें. पूर्वीं तें माशाच्या मृत्यूसाठीं राबत होतें, आतां त्याच्या पहाऱ्यासाठीं राबूं लागलें.

पण खरी परीक्षा मासा हातीं आल्यावर होई. पाहुण्याला छायाचित्र हवें असे, मासा पाण्याबाहेर उंच धरावयाचा असे, आणि त्याच्या संतोषावर वाटाड्याची बक्षिसी अवलंबून असे. माशाला मात्र पाण्यावांचून एकेक क्षण जड जाई. दमलेल्या माशाला दोन्ही हातांनीं आधार देऊन, त्याचें तोंड प्रवाहाकडे करून, तो आपल्या बळानें शेपूट हलवीपर्यंत पाण्यांत उभें राहणें हें काम वाटाड्याचें. आणि 'आतां पुरे, साहेब' हे शब्द उच्चारण्याचें कामही त्याचेंच. पाहुण्याला खेळाची हौस होती, माशाला प्राणाची चिंता होती; दोहोंमध्यें न्याय करण्याचा भार मात्र ज्याला बक्षिसी गमावणें सर्वांत कमी परवडे त्याच्या शिरावर पडे.

येथें अहिंसावादी म्हणेल, "हें सारें खरें, पण मुळांत मासा धरलाच कशाला?" ह्या आक्षेपाला मी हलका समजत नाहीं. २००३ सालीं लिन स्नेडन व त्यांचे सहकारी यांनीं ट्राउट माशाच्या तोंडाभोंवतीं इजा ओळखणारे मज्जातंतू असल्याचें प्रयोगानें दाखविलें. माशाला होणारी ती जाणीव आपल्या वेदनेसारखी आहे काय, याबद्दल शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. परंतु शंकेचा फायदा द्यावयाचाच तर तो दुबळ्याला द्यावा, हाच न्याय होय. घेतलेलें परत केल्यानें घेण्याचा हेतु शुद्ध होत नाहीं. माशाची यातना हें खेळणाऱ्याच्या खात्यावरचें खरें देणें आहे; तें कोणत्याही उपयोगानें खोडून टाकतां येत नाहीं.

मात्र तराजूचें दुसरें पारडें रिकामें नाहीं. गालीबोरेच्या छावणींत १९९८ पासून २०१२ पर्यंत धरलेल्या माशांच्या नोंदी ठेवण्यांत आल्या. २३,००० हून अधिक तासांची ती मासेमारी आणि ६,००० हून अधिक सोडलेले महासीर यांचा हिशेब संशोधकांनीं पुढें तपासला, तेव्हां एक गोष्ट उघडकीस आली. नदींत मासे वाढत होते खरे, पण ते निळ्या परांचे महासीर होते. पाठीवर वशिंड असलेला कावेरीचा स्वतःचा महासीर नाहींसा होत चालला होता. निळ्या परांचा मासा मूळ आपल्याकडचा. कर्नल साइक्सनें १८३९ सालीं पुण्याजवळच्या मुळामुठेंतील माशांवरून त्याचें वर्णन केलें, आणि लोणावळ्यास टाटांच्या वीज-कंपनीनें त्याची कृत्रिम पैदास केली. कावेरींत तो सोडला गेला तो नदी पुनः भरावी ह्या सद्धेतूनेंच. ज्या माशासाठीं जगभरचे लोक येत होते त्याचें शास्त्रीय नांव निश्चित व्हावयास २०१८ साल उजाडलें, आणि त्याच वर्षीं त्याची गणना अतिसंकटग्रस्त प्राण्यांत झाली. गळ टाकणाऱ्यांच्या त्या वह्या नसत्या तर हा ऱ्हास इतका स्पष्टपणें कोणाच्या ध्यानांत आला असता?

मध्यंतरीं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणें अभयारण्यांत गळ टाकणें ही शिकारच होय असा अर्थ लावला गेला, व ह्या पट्ट्यांतील छावण्यांची मासेमारी बंद झाली. कायद्याच्या अर्थांत मला चूक दिसत नाहीं. जो प्राणी अभय पावला आहे त्याच्या जबड्यांत करमणुकीसाठीं लोखंड रुतवूं नये, हें म्हणणें सरळ आहे. परंतु गळ उचलला गेला त्याबरोबर गळाच्या आश्रयानें चाललेला पहारा, वाटाड्यांचा पगार आणि वहींतील नोंद हींही उचललीं गेलीं. सुरुंग टाकणारा चोर कायद्याला भीत नसतो. रात्रीं कांठावर कोणी माणूस जागा आहे याला तो भितो.

म्हणून माझें म्हणणें एवढेंच आहे. एखाद्या सदोष मार्गानें एखादें चांगलें कार्य होत असेल, तर त्या दोषाचा निषेध करण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. पण निषेध करणाऱ्यानें तें कार्यही आपल्या शिरावर घेतलें पाहिजे. खेळ थांबवावयाचा तर राखणदाराचा पगार सरकारनें किंवा समाजानें द्यावा, आणि नदीची वही लिहिण्याचें काम त्याच माणसाच्या हातीं राहूं द्यावें. हें न करतां केवळ गळ बंद केल्यानें आपला हात स्वच्छ राहतो, मासा मात्र वांचतोच असें नाहीं. ज्या दयेला स्वतःच्या हाताची स्वच्छता माशाच्या प्राणाहून अधिक प्रिय असते, ती दया नव्हे, सोंवळें होय. वाटाड्याचा धंदा निर्दोष नव्हता. पण थकलेला मासा आपल्या बळानें पोहूं लागेपर्यंत हात न काढण्याची त्याची जी रीत होती, ती मासेमारी बंद करणाऱ्यांनीं त्याच्यापासून उचलण्याजोगी आहे.