कृपेसाठी अर्ज

अमेरिकेतील बारावीच्या वर्गात बसणारा बुद्धिमान मुलगा शरद ऋतू सुरू झाला की ज्या एका प्रश्नाने ग्रासलेला असतो, तो प्रश्न वरकरणी अंकगणिताचा दिसतो. आपले गुण अमुक, वादविवादातील पारितोषिके इतकी, रुग्णालयात केलेली सेवा इतक्या तासांची. तेव्हा हार्वर्ड, येल किंवा प्रिन्स्टन यांपैकी एखाद्या विद्यापीठात आपला प्रवेश होण्याची शक्यता किती, असे तो शाळेतील समुपदेशकाला विचारतो, वडीलधाऱ्यांना विचारतो, आणि प्रसंगी पूर्णतः अनोळखी माणसांपुढेही आपले सगळे दप्तर मांडून त्यांच्याकडे निवाडा मागतो. उत्तरादाखल जो आकडा मिळतो तो खोटा नसतो. हार्वर्डकडे अलीकडे वर्षाला पन्नास हजारांच्या आसपास अर्ज येतात आणि त्यांतले शेकडा चारच्या आसपासच मंजूर होतात. परंतु शेकडा चार हे प्रमाण अर्जांच्या ढिगाला लागू पडते, एकट्या मुलाला नाही. त्याचा प्रवेश एक तर होणार किंवा होणार नाही, आणि आपण त्या चारांत आहोत की शहाण्णवांत एवढेच त्याला जाणून घ्यावयाचे असते. मी निवडलेल्यांपैकी आहे काय, हा त्याचा खरा प्रश्न; आणि ज्या भूमीवर तो आज विचारला जातो, त्याच भूमीवर पावणेचारशे वर्षांपूर्वी तो याच व्याकुळतेने, मात्र निराळ्या दारापुढे उभे राहून, विचारला जात होता.

मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीत १६३६ साली ज्या प्युरिटन लोकांनी हार्वर्डची स्थापना केली, त्यांची श्रद्धा जॉन कॅल्विनच्या शिकवणीवर पोसलेली होती. कोणाचा उद्धार व्हावयाचा आणि कोणाचा नाही हे ईश्वराने सृष्टीच्या आधीच ठरवून टाकले आहे, आणि त्या ठरावाशी माणसाच्या पुण्याईचा, दानधर्माचा किंवा सद्वर्तनाचा काडीमात्र संबंध नाही, हे त्यांचे मत. हुकूम झालेला आहे, पण त्याची नक्कल आपल्या हाती आलेली नाही, अशा अवस्थेत आयुष्य कंठणारा माणूस साहजिकच खुणा शोधू लागतो. धंद्यातील बरकत, वागणुकीतील शिस्त, वेळेचा काटेकोर हिशेब या गोष्टी मोक्ष मिळवून देत नसल्या तरी तो मिळाल्याची साक्ष देत असाव्यात, या आशेतून उद्योगाची केवढी प्रचंड ऊर्जा निर्माण झाली, हे माक्स वेबरने १९०४-०५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रबंधात विस्ताराने दाखविले आहेच. मला येथे त्याहून लहान, पण अधिक बोलकी गोष्ट सांगावयाची आहे. हार्वर्ड ज्या गावात आहे त्या केंब्रिज येथील धर्मोपदेशक टॉमस शेपर्ड याच्या मंडळीत सभासद म्हणून रुजू व्हावयाचे, तर उमेदवाराला सर्वांसमक्ष आपल्या अंतःकरणाचा वृत्तान्त निवेदन करावा लागे. असे पन्नासएक वृत्तान्त शेपर्डने स्वहस्ते टिपून ठेवले आहेत, आणि त्यांत घरकाम करणाऱ्या मुलींपासून हार्वर्डच्या विद्यार्थ्यांपर्यंत सर्व प्रकारची माणसे भेटतात. वृत्तान्तांची चाकोरी साधारण ठरलेली असे: आधीची बेफिकिरी, एखाद्या प्रवचनाने लागलेला चटका, आपल्या पापाची जाणीव, निराशेचा तळ, आणि अखेर अंधुक, सकंप अशी आशा. आशा सकंप असणे अगत्याचे होते, कारण ज्याला आपल्या उद्धाराची पक्की खात्री वाटते त्याच्याच उद्धाराविषयी शंका घ्यावी, असे श्रोत्यांना शिकविलेले होते.

आता आजच्या प्रवेश-अर्जासोबत जोडावयाचा साडेसहाशे शब्दांचा आत्मनिवेदनपर निबंध पाहावा. गुणपत्रकाने बुद्धी सिद्ध होते, शिफारसपत्रांनी वर्तन सिद्ध होते. तरीही मुलाने स्वतःच्या अंतरंगाविषयी काही सांगावे असा आग्रह असतो, आणि सतरा वर्षांचे ते मूल निमूटपणे एखाद्या पराभवापासून सुरुवात करते, त्या पराभवाने आपला अहंकार कसा गळाला हे सांगते, आणि शेवटच्या परिच्छेदात आपण पूर्णपणे बदललो असे न म्हणता बदलत आहोत असे म्हणते. कर्तृत्व दिसले पाहिजे, पण ते मिरविलेले दिसता कामा नये. शेपर्डच्या मंडळीतील ज्येष्ठांना हे निबंध वाचावयास दिले असते तर त्यांतील ईश्वराची अनुपस्थिती त्यांना खचितच खटकली असती. बाकी मांडणी त्यांना ओळखीची वाटली असती. प्रतीक्षायादी नामक जो अधांतरी मुक्काम या व्यवस्थेत आहे, तो मात्र प्युरिटनांच्या पदरी बांधता येत नाही. स्वर्ग आणि नरक यांच्यामधली जागा त्यांना मान्यच नव्हती.

साम्य येथेच संपत नाही. प्युरिटनांच्या मुलांना आणि नातवंडांना आजोबांसारखा अनुभव येईना, तेव्हा १६६२ साली अशी तडजोड निघाली की आईबापांचा बाप्तिस्मा झालेला असेल आणि त्यांचे आचरण निर्दोष असेल, तर त्यांना स्वतःला कृपेचा प्रत्यय आला नसला तरी त्यांच्या अपत्यांना बाप्तिस्मा द्यावा. कृपेचे वतन झाले! माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना प्रवेशात झुकते माप देण्याची जी चाल हार्वर्डसारख्या विद्यापीठांत अद्याप टिकून आहे, तिच्याकडे पाहताना मला या जुन्या तडजोडीची आठवण झाल्यावाचून राहत नाही. निवडीच्या गूढतेआड काय काय लपू शकते, याचे याहून काळे उदाहरण विसाव्या शतकातले आहे. १९२२ च्या सुमारास हार्वर्डच्या नव्या विद्यार्थ्यांत ज्यूंचे प्रमाण पंचमांशावर गेले, तेव्हा अध्यक्ष लॉवेल यांनी त्यांच्यावर उघड मर्यादा घालण्याचा घाट घातला. प्राध्यापकांनी तो हाणून पाडला. आणि मग १९२६ पासून केवळ विद्वत्ता न पाहता चारित्र्य व व्यक्तिमत्त्व पाहण्याचा, छायाचित्र व मुलाखत मागविण्याचा निर्दोष दिसणारा मार्ग पत्करण्यात आला. ज्यूंची संख्या अपेक्षेप्रमाणे घटली. हार्वर्डवरील ज्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये वंशाचा विचार प्रवेशातून वगळला, त्यातही आशियाई वंशाच्या मुलांना व्यक्तिमत्त्वाच्या सदरात सरासरीने कमी श्रेणी मिळत असल्याचे पुराव्यात आले होते. माणसाच्या अंतरंगाचे मोजमाप करण्याचा अधिकार कचेरीला दिला की मोजणाऱ्याचे अंतरंगही त्यात उतरावयाचेच.

एवढे असूनही जुनी निवड आणि नवी निवड यांत एक मूलभूत भेद आहे, आणि माझ्या मते सगळे दुःख त्या भेदातच साठलेले आहे. कॅल्विनचा ईश्वर निवड करी तेव्हा ती पात्रतेवरून केली असे तो म्हणत नसे. ज्याची निवड झाली त्याला त्यामुळे गर्वाला जागा नव्हती, आणि ज्याची झाली नाही तो शेजाऱ्यापेक्षा अधिक नालायक ठरत नव्हता, कारण नालायक सगळेच होते. नवे विद्यापीठ तसे म्हणू शकत नाही. हार्वर्डचे अध्यक्ष कोनंट यांनी १९३४ पासून शिष्यवृत्त्यांसाठी बुद्धिमापनाची परीक्षा वापरण्यास आरंभ केला, तेव्हा घराण्याऐवजी गुणवत्तेला दार उघडावे हाच त्यांचा उदार हेतू होता. परंतु दार गुणवत्तेने उघडते असे एकदा जाहीर केल्यावर बंद राहिलेल्या दाराचा अर्थही त्याच भाषेत लावला जातो. मायकेल यंग या इंग्रज समाजशास्त्रज्ञाने १९५८ मध्ये एका उपहासात्मक ग्रंथात हीच भीती बोलून दाखविली होती: ज्या समाजात प्रत्येकाचे स्थान त्याच्या लायकीनुसार ठरल्याचे मानले जाते, तेथे खाली राहिलेल्याला अन्यायाची तक्रार करण्याचे समाधानही उरत नाही.

न्यू जर्सीतील एडिसन येथे एका परिचित मराठी कुटुंबाकडे एप्रिलच्या आरंभी माझे जाणे झाले होते. मार्चअखेरीस एका संध्याकाळी बहुतेक मोठ्या विद्यापीठांचे निकाल एकदमच लागतात, ते नुकतेच लागून गेले होते. मुलगी रविवारच्या मराठी शाळेत लहान मुलांना शिकवीत असे, आणि खुर्ची ‘ती’ व टेबल ‘ते’ का, हे त्या मुलांना समजावून देताना आपली कशी त्रेधा उडाली, यावर तिने निबंध लिहिला होता. निबंध मी वाचला. फार गोड होता. चार ठिकाणांहून नकार आले होते, आणि प्रत्येक पत्रात लायक उमेदवार पुष्कळ व जागा थोड्या असे सौजन्यपूर्वक नमूद केले होते. “त्यांनी मागितलं ते सगळं केलं हो तिने,” तिची आई म्हणाली, “मग चुकलं कुठे, एवढं तरी सांगावं की नाही?” वडिलांनी मैत्रिणीच्या मुलीचे गुण हिच्यापेक्षा कमी असल्याचे हळूच सांगून टाकले. मुलगी काही वेळाने म्हणाली, “काका, निबंध मी जरा जास्तच नीटनेटका केला बहुतेक.” निकाल लागून गेल्यावरही ती खुणाच शोधीत होती. तिची लायकी पत्रानेच कबूल केलेली असताना, स्वतःच्या अंगी दोष सापडल्यावाचून तिला स्वस्थता लाभत नव्हती.

आपल्याकडील तत्त्वज्ञानाने तिला काही दिले असते काय? कर्मविपाकाचा सिद्धान्त तिच्यापुढे ठेवावयास मी धजलो नसतो, कारण वरवर पाहता तो गुणवत्तावादाहूनही निष्ठुर आहे. दैव म्हणून जे उरते तेही पूर्वजन्मीच्या करणीच्या खात्यावर टाकून तो मोकळा होतो. मात्र त्याच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे: ते खाते कोणाही मर्त्य माणसाला वाचावयास मिळत नाही, आणि ते आपण वाचले आहे असा दावा कोणत्याही कचेरीला करता येत नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माच्या सिद्धीची जी पाच कारणे सांगितली आहेत, त्यांत कर्ता हा पाचांतील एक आणि दैव हे पाचवे. पाचवे कारण मानल्याने पहिल्या चारांची हेटाळणी होत नाही, आणि फळ आले नाही म्हणून कर्त्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचे कारण राहत नाही. भक्तिमार्गातील वाद तर याहून जवळचा आहे. दक्षिणेतील श्रीवैष्णवांत वडकलै पंथ म्हणतो की भक्ताने माकडाच्या पिलाप्रमाणे आईला स्वतः बिलगून राहावे. तेंकलै म्हणतात की मांजर आपल्या पिलाला तोंडात धरून नेते, पिलाने काही करावयाचे नसते. दोन्ही मते सुसंगत आहेत, आणि दोहोंच्या आश्रयाने माणसे शांतपणे जगली आहेत. चार वर्षे माकडाच्या पिलासारखे बिलगून राहावयास सांगावयाचे, आणि शेवटच्या दिवशी मांजरीसारखे मनाला येईल त्यालाच उचलावयाचे, हा प्रकार मात्र कोणत्याही आचार्याने सांगितलेला माझ्या वाचनात नाही.

यास्तव मला वाटते की जेथे लायक उमेदवार जागांच्या कित्येक पट आहेत, तेथे किमान पात्रतेची रेषा आखून पुढील निवड सरळ सोडतीवर सोपवावी, आणि तसे जाहीर करावे. कल्पना नवी नाही. अमेरिकेतच बॅरी श्वार्ट्झ या मानसशास्त्रज्ञाने ती मांडलेली आहे. नेदरलँड्समध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी कित्येक वर्षे सोडत चालत असे, आणि तीत शालेय गुण अधिक असणाऱ्याचे नाव निघण्याची शक्यता अधिक ठेवलेली होती. ख्रिस्ती परंपरेला तर ही परकी नाहीच. येशूच्या शिष्यांतील जूडासची रिकामी झालेली जागा मथियासला मिळाली ती चिठ्ठ्या टाकून. महाराष्ट्रात शिक्षणहक्क कायद्याखालील पंचवीस टक्के राखीव जागांसाठी अर्ज जास्त आले की सोडतच काढतात, आणि ज्याचे नाव निघत नाही त्याचे पालक “यंदा नंबर लागला नाही” असे म्हणून हळहळतात, चिडतातही; पण आपले पोर कशात कमी पडले हे शोधीत रात्री जागून काढीत नाहीत.

एडिसनच्या त्या माउलीपुढे मी हे सगळे मांडले, तेव्हा त्या एकदम उसळून म्हणाल्या, “चिठ्ठ्याच टाकायच्या, तर पोरीने एवढ्या रात्री जागवल्या कशाला?” आक्षेप वजनदार आहे, आणि जागून केलेला अभ्यास हा अभ्यासच असतो, हे माझे उत्तर त्यांना लंगडे वाटले, ते मी समजू शकतो. विद्यापीठेही हा उपाय इतक्यात स्वीकारतील असे दिसत नाही, आणि त्याचे कारण तात्त्विक नाही. अमेरिकेत मोटारीच्या मागच्या काचेवर मुलांच्या विद्यापीठाचे नाव चिकटविण्याची पद्धत आहे. चिठ्ठी निघाली म्हणून मिळालेल्या जागेचे नाव काचेवर कोण लावील?