भाग बदलणारा संगणक आणि सराफ्यातले सोने

कमी पैशांतला गेमिंग संगणक एकदाच विकत घेतला जात नाही, तो टप्प्याटप्प्याने घडत जातो. आधी अंगभूत ग्राफिक्स असलेला रायझन ५ ५६००जीसारखा प्रोसेसर, आठ-आठ जीबीच्या दोन रॅम आणि एक एसएसडी. पैसे साठले की ग्राफिक्स कार्ड, मग मोठी एसएसडी, पुढे प्रोसेसरही. काही वर्षांत आतले बहुतेक सगळे बदललेले असते, तरी घरात तो 'आपला जुना संगणक'च असतो. तो खरोखर तोच असतो का, हा प्रश्न भारतीय दर्शनांनी फार आधी विचारून ठेवला आहे. त्याच्या उत्तरावर पैसे कुठे घालायचे हेही ठरते.

जबलपूरच्या जुन्या शहरात, कमानिया गेटजवळच्या सराफ्यात, या प्रश्नाचे एक रूप रोजच्या व्यवहारात दिसते. जुनी बांगडी मोडीत निघते, वितळते आणि तिचा हार होतो. घट आणि घडणावळ वजा केली की सोने तेच राहते. छांदोग्य उपनिषदात उद्दालक श्वेतकेतूला माती, सोने आणि लोखंडाचे दृष्टांत देतो ते यासाठीच: आकार आणि नावे येतात-जातात, द्रव्य खरे. संगणकात मात्र हे उलटे घडते. द्रव्यच एकेक करून निघून जाते आणि टिकतात ते नाव, जागा आणि उपयोग. त्यामुळे उपनिषदातला सोन्याचा दृष्टांत इथे लागू पडत नाही.

'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन ग्रीक राजा मिनँडरला विचारतो की रथ म्हणजे चाक, आस की जू? यांपैकी एकही रथ नाही, आणि त्यांच्यापलीकडेही रथ नाही. 'रथ' हे व्यवहारापुरते नाव. न्याय-वैशेषिकांना हे मान्य नाही. त्यांच्या मते अवयवी ही अवयवांहून वेगळी, खरी वस्तू आहे. पण म्हणूनच एक धागा काढला तरी जुने वस्त्र नष्ट होऊन नवे वस्त्र जन्मते. या हिशेबाने रॅम बदलली तरी संगणक नवा. विंडोज इतके कठोर नाही: रॅम किंवा कार्ड बदलल्यास ते सहसा तक्रार करत नाही, पण मदरबोर्ड बदलला की परवाना पुन्हा मागू शकते. परवान्यापुरती तरी संगणकाची ओळख मुख्यतः मदरबोर्डाशी बांधलेली आहे.

सर्वांत उपयोगी उत्तर जैनांचे आहे. आचार्य समंतभद्रांच्या 'आप्तमीमांसे'त सोन्याचा घट मोडून मुकुट केला जातो. घट हवा असणारा शोक करतो, मुकुट हवा असणारा आनंदतो, सोने हवे असणारा तटस्थ राहतो. उत्पत्ती, नाश आणि ध्रुवता तिन्ही एकाच वस्तूत, एकाच वेळी खऱ्या. सराफ्यापासून जवळच हनुमानतालला दिगंबर जैनांचे मोठे मंदिर आहे; या परिसराला हा विचार परका नाही.

ग्राहकाने म्हणूनच आधी आपल्या संगणकातले ध्रुव काय ते ओळखावे. ते म्हणजे मदरबोर्ड आणि पॉवर सप्लाय. एएमडीचा एएम४ सॉकेट, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा, इतका टिकला की २०१७ च्या अनेक बोर्डांवर २०२२ मध्ये बायोस अद्ययावत करून रायझन ५००० मालिका चालू लागली. उलट इंटेलच्या २०१५ आणि २०१७ च्या ११५१ सॉकेटांत पिनांची संख्या सारखी, तरी नवे प्रोसेसर जुन्या बोर्डांवर चालत नव्हते. बाहेरून सारखे दिसते ते ध्रुव असतेच असे नाही. कार्ड निवडतानाही हाच विवेक लागतो: कार्डाला जोडणाऱ्या पीसीआयई मार्गाची जुनी, संथ ३.० आवृत्तीच ५६००जीला मिळते, आणि आरएक्स ६५०० एक्सटी फक्त चार लेन वापरते, म्हणून या जोडीत तिचा वेग अडतो. आठ लेनची आरएक्स ६६०० इथे अधिक शहाणी निवड. कॅबिनेटसोबत फुकट मिळणाऱ्या पॉवर सप्लायवर विसंबणे ही सर्वांत महाग काटकसर. तो जळताना बोर्डही घेऊन जाऊ शकतो.

दुसरा प्रश्न तृष्णेचा. ययातीच्या कथेत भोगाने इच्छा शमत नाही, तुपाने अग्नी वाढावा तशी वाढते. नव्या कार्डांच्या बाबतीत हे अक्षरशः खरे आहे. जैन गृहस्थासाठी परिग्रह-परिमाण हे व्रत आहे: किती ठेवायचे याची मर्यादा मोह होण्याआधी स्वतः ठरवायची. संगणकात ही मर्यादा मोजता येते. ६० हर्ट्झचा मॉनिटर सेकंदाला ६० पेक्षा जास्त चित्रे दाखवूच शकत नाही. आवडता खेळ तेवढ्यावर स्थिर चालत असेल, तर त्याच पडद्यासाठी आणखी महाग कार्ड घेण्याला फारसा अर्थ नाही. सोन्यासारखी मोडही मिळत नाही, कारण जुन्या कार्डाची किंमत वजनावर ठरत नाही.

एक पेच उरतो. एकेक फळी बदलत गेलेल्या थीसियसच्या जहाजाबद्दल इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्जने १७ व्या शतकात तो मांडला: काढलेल्या जुन्या फळ्या जोडून दुसरे जहाज बांधले, तर मूळचे कोणते? काढलेला प्रोसेसर, रॅम आणि कार्ड दुसऱ्या बोर्डावर बसवून धाकट्या भावाला संगणक करून देणे घरोघरी घडते. नय, म्हणजे पाहण्याची बाजू, बदलला की उत्तर बदलते, असे जैन नयवाद सांगतो. परवान्याच्या नजरेने जुना संगणक बोर्डाबरोबर थोरल्याकडे राहिला. सुट्या भागांच्या नजरेने तो धाकट्याकडे गेला. आणि खेळाची साठवलेली प्रगती ज्या खात्यात किंवा एसएसडीवर आहे, तिच्यापुरता तो तिकडे.