दहा ते दहा

सणासुदीच्या दिवसांत लढाईचा विषय काढणे बरे नव्हे, हे मला कळते. फराळाचे ताट शेजारी, माहेरवाशिणी घरात, आणि मी तोफांची गोष्ट सांगत बसलो आहे. पण हा विषय मी निवडलेला नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलाने तो माझ्या गळ्यात घातला आहे. त्याचे वडील लष्करात आहेत, हे आधी सांगून ठेवतो.

इतिहासाच्या तासाला मी कोरियाची लढाई सांगत होतो. २७ जुलै १९५३ रोजी पानमुनजोम येथे सकाळी दहा वाजता युद्धविरामाच्या करारावर सह्या झाल्या आणि रात्री दहा वाजता तोफा थांबल्या, असे सांगून मी पुढच्या धड्याकडे वळणार, तोच हा मुलगा उभा राहिला.

"गुरुजी, सही सकाळीच झाली, मग रात्रीपर्यंत का लढले?"

"अरे, एवढी मोठी आघाडी. सगळीकडे हुकूम पोचायला वेळ नको का?"

वर्गाचे समाधान झाले. त्याचे झाले नसावे, आणि माझे तर मुळीच झाले नाही. हुकूम पोचायला वेळ लागतो हे खरे; पण सह्या चालू असतानाही तोफांचे आवाज त्या मांडवापर्यंत येत होते. आणि हे बारा तास तरी काय? वाटाघाटी सुरू झाल्या त्या १० जुलै १९५१ रोजी. म्हणजे बोलणीही चालली आणि लढाईही चालली, असे दोन वर्षे आणि सतरा दिवस गेले. या युद्धात अमेरिकेचे जे सैनिक मेले वा जखमी झाले, त्यांतले जवळजवळ निम्मे या बोलण्यांच्या काळातले आहेत.

आमच्या गावाकडे बांधावरून तंटा झाला आणि पंच बसले, की त्यांचे पहिले वाक्य ठरलेले असते : काठ्या खाली ठेवा, मग बोला. कोरियात उलटे ठरले. करार होईपर्यंत लढाई चालूच राहील, असे प्रारंभीच स्पष्ट झाले होते. पानमुनजोमच्या भोवती तेवढे एक वर्तुळ आखून तिथे शांतता पाळली जाई. विमानांनी चुकून तिथे बॉम्ब टाकू नये म्हणून रात्री प्रकाशाचा एक झोत सरळ आकाशात सोडलेला असे. आसपासच्या टेकड्यांवरच्या खंदकांतून तो झोत दिसत असणार. तो पाहून तिथल्या शिपायाच्या मनात काय येत असेल?

आत काय चालले होते, तेही ऐका. बोलणी अजून केसाँगला होती, तेव्हा १० ऑगस्ट १९५१ च्या बैठकीत सीमारेषेच्या मुद्द्यावर दोन्ही पक्ष दोन तास अकरा मिनिटे एकमेकांसमोर मुकाट बसून राहिले. कोणी अवाक्षर काढले नाही. शाळेत मुले अबोला धरतात, तेव्हा निदान बाहेर कोणाचा जीव जात नाही.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मास्तर एकतर्फी बोलतो असे व्हायचे. लढाई आधी थांबवली तर समोरच्याला उसंत मिळते, असे सेनापतींचे म्हणणे होते, आणि ते अगदी पोकळ नव्हते. नोव्हेंबर १९५१ मध्ये तात्पुरती सीमारेषा ठरली. तीस दिवसांत करार झाला तर हीच रेषा कायम, असे ठरले. त्या महिन्यात लढाई मंदावली. करार तर झालाच नाही, पण चिनी आणि उत्तर कोरियन सैन्याने तेवढ्यात डोंगर पोखरून आपले मोर्चे भक्कम करून घेतले. तेव्हापासून बंदूक हाच बोलण्याचा जोर, असा समज पक्का झाला.

पुढे आघाडी फारशी हललीच नाही. मुलुख जिंकायचा नव्हता, टेबलावर वजन पाडायचे होते. पोर्क चॉप नावाची एक लहानशी टेकडी होती. तिचे लष्करी मोल फारसे नाही हे वरिष्ठांनाही ठाऊक होते. पण ती सोडली तर बोलण्यात आपण दुबळे दिसू, म्हणून एप्रिल १९५३ मध्ये अमेरिकन पोरे तिच्यासाठी मेली, आणि ती घेण्यासाठी चिनी पोरेही. त्याच आठवड्यात पानमुनजोमला आजारी आणि जखमी कैद्यांची अदलाबदल सुरू व्हायची होती. जुलैत पुन्हा त्याच टेकडीवर पाच दिवस झुंज झाली. ११ जुलैला अमेरिकनांनी ती सोडून दिली. त्यानंतर सोळा दिवसांनी युद्ध थांबले, आणि ती टेकडी दोन्ही सैन्यांनी मोकळ्या सोडायच्या पट्ट्यात गेली.

शिपायाजवळ निदान बंदूक असते. ११ जुलै १९५२ रोजी एका दिवसात विमानांनी प्योंगयांगवर १,२०० हून अधिक उड्डाणे केली. १३ मे १९५३ रोजी टोकसानचे धरण फोडले. रेल्वे वाहून गेली, तशी भाताची खाचरेही गेली. लावणीच्या तोंडावर खाचर वाहून जाणे म्हणजे काय, हे आपल्या कोकणातल्या माणसाला सांगायला नको. त्या शेतकऱ्याला वाटाघाटीतला कोणता मुद्दा कुठे अडला आहे, याची काही कल्पना असेल का?

आणि अडले होते ते क्षुद्र गोष्टीवर नव्हे. तिथेच माझी खरी अडचण आहे. १९५२ च्या वसंतापर्यंत बाकीचे बहुतेक सारे मिटले होते. राहिला होता युद्धकैद्यांचा प्रश्न. १९४९ चा जिनिव्हा करार म्हणतो, लढाई संपली की कैदी परत पाठवा. पण हजारो चिनी आणि कोरियन कैदी परत जायला तयार नव्हते. त्यांना जबरीने पाठवणार नाही, असे अमेरिकेने म्हटले. छावण्यांत कैद्यांवर त्यांच्याच सोबत्यांची दहशत होती, तेव्हा सगळ्यांचीच निवड मोकळी होती असे नव्हे. तरीही माणसाला बांधून मरणाच्या दारी नेऊन सोडू नये, हे मला पटते. मीही तेच म्हटले असते.

पण टेकडीवरच्या पोराला कोणी विचारले होते? तो बहुतेक सक्तीने भरती झालेला. कैद्याच्या निवडीचा हक्क राखण्यासाठी त्याने मरायचे, आणि त्याला स्वतःला मात्र निवड नाही. शिवाय दोन्हीकडे घरी जाण्यासाठी दिवस मोजणारे कैदी होतेच. त्यांचीही मुदत वाढत होती.

यातून वाट नव्हती असे नाही. परत न जाणारे कैदी तटस्थ राष्ट्रांच्या हवाली करावेत, अशी योजना आपल्या देशाने मांडली. ३ डिसेंबर १९५२ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ती स्वीकारली. रशिया आणि चीन यांनी झिडकारली. पुढे ८ जून १९५३ रोजी कैद्यांविषयी जे ठरले, ते या योजनेहून फारसे निराळे नव्हते. मधले सहा महिने घ्या. पोर्क चॉपचा एप्रिल त्यांत येतो आणि टोकसानचा मेही. त्या सहा महिन्यांत शहाणपण वाढले म्हणावे, तर ते कोणाच्या खर्चाने?

मग ते २२,००० हून अधिक कैदी सांभाळायला आपलेच सैन्य गेले. जनरल थिमय्या आयोगाचे अध्यक्ष. सैन्याचे प्रमुख आपल्या कोल्हापूरकडचे मेजर जनरल थोरात. दक्षिण कोरियाने आपल्या भूमीवर त्यांना पाऊल टाकू दिले नाही, म्हणून जवानांना बंदरातून हेलिकॉप्टरने थेट त्या मोकळ्या पट्ट्यात उतरवावे लागले. ज्या प्रश्नापायी वर्षभर माणसे मेली, तो प्रश्न पहारा ठेवून आणि एकेका कैद्याशी बोलून हाताळायचा होता. ते काम सोपे नव्हते, त्यात कुरबुरी झाल्या, दंगेही झाले. पण त्यासाठी कोणाची खाचरे वाहवून द्यावी लागली नाहीत.

हे सगळे मी त्या मुलाला सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तोच माझ्याकडे आला.

"गुरुजी, त्या दहा ते दहामध्ये कोणी मेलं का हो?"

"मेले रे."

"त्यांना सही झालेली माहीत होती?"

"काहींना असेल, काहींना नसेल."

तो थोडा वेळ उभा राहिला. मग म्हणाला, रविवारी बाबांचा फोन येतो, तेव्हा विचारीन. त्यांना माहीत असेल. आणि घंटा व्हायच्या आत डबा संपवायला पळाला.