असल बरहुकूम नक्कल

जुन्या दफ्तरातून एखाद्या सनदेची प्रत काढली की कारकून तिच्यावर ‘असल बरहुकूम नक्कल’ असा शेरा मारीत असे, आणि त्या शेऱ्यानंतर ती प्रत वतनाच्या तंट्यात, शिवेच्या भांडणात किंवा वारसाच्या दाव्यात असलाच्या जागी उभी राहू शकत असे. कागद निराळा, शाई निराळी, लिहिणाऱ्याचा हात निराळा, पुष्कळदा अक्षराचे वळणही निराळे. असे असूनही ते दोन कागद म्हणजे एकच सनद होय, असे सरकार मानी आणि रयतही मानी. हे मानण्याला आधार कोणता? वेदान्त्यांनी देहाच्या संदर्भात, बौद्धांनी पुनर्जन्माच्या संदर्भात आणि नैयायिकांनी प्रत्यभिज्ञेच्या संदर्भात जो प्रश्न उपस्थित केला तो मुळात हाच आहे. आणि भोपाळच्या अवधपुरीत, संगणकाच्या एका चिंचोळ्या दुकानात डीव्हीडी तयार होण्याची वाट पाहत बसण्याचा प्रसंग आला तेव्हा या प्रश्नाचे स्वरूप ग्रंथांतल्यापेक्षा तेथेच अधिक स्वच्छ दिसते, असे माझे मत झाले.

अवधपुरी ही भेलच्या वसाहतीला लागून वाढलेली वस्ती. १९५६ साली नवे मध्य प्रदेश राज्य होऊन राजधानी भोपाळास आली, तेव्हा नागपूरच्या कचेऱ्यांतून पुष्कळ मराठी कुटुंबे बाडबिस्तरा बांधून इकडे आली. त्याच सुमारास अवजड विद्युत यंत्रांचा कारखाना उभा राहू लागला आणि त्यानेही आपली माणसे ठिकठिकाणाहून ओढून आणली. त्यांतील अनेकांनी निवृत्तीनंतर पिपलानी-बरखेड्याच्या आसपासच घरे बांधली. मुले दूर गेली, घरात वृद्ध दांपत्य राहिले, आणि दिवाणखान्यातील दूरचित्रवाणी संचाखालचा डीव्हीडी प्लेयर मात्र कोणी हलविला नाही. कारण त्याला इंटरनेट लागत नाही, परवलीचा शब्द लागत नाही, आणि चकती आत सारून एक कळ दाबली की काम होते. त्याला कालबाह्य म्हणणाऱ्यांनी सत्तरी ओलांडलेल्या माणसाला नव्या संचावर एखादे कीर्तन शोधून लावताना एकदा पाहावे.

अशाच एका वयोवृद्ध शेजाऱ्यांना पुण्याच्या भाच्याने पेन ड्राइव्हवर ‘संत तुकाराम’ हा चित्रपट पाठविला होता. दामले-फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला, विष्णुपंत पागनीसांनी तुकोबांची भूमिका केलेला प्रभातचा हा बोलपट १९३६ सालचा. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. १९५७ च्या कायद्याप्रमाणे चित्रपटावरील स्वामित्वाची मुदत साठ वर्षांची असल्यामुळे तो आता सर्वांचा आहे, आणि त्याची प्रत करण्यात चोरीचा दोष नाही. परवाच्या चित्रपटाविषयी मात्र असे म्हणता येणार नाही. दुकानातील मुलाने प्रथम ती फाईल जशीच्या तशी चकतीवर चढवून दिली. संगणकावर ती उत्तम चालली. घरी प्लेयरने ती ओळखलीसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी मुलगा शांतपणे म्हणाला, “अंकल, ये तो डाटा डीवीडी बन गई, आपका प्लेयर नहीं पढ़ेगा। कन्वर्ट करनी पड़ेगी, टाइम लगेगा।” आजोबांनी मराठीत माझ्याकडे वळून विचारले, “अहो, आत चित्रपट आहे ना? मग त्याला दिसत का नाही?”

त्यांच्या या विचारण्यात अध्यात्माचा एक संपूर्ण अध्याय होता. आत असणे आणि प्रकट होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डीव्हीडीचे तंत्र १९९६ मध्ये बाजारात आले आणि तिच्या प्लेयरला त्या काळची एमपेग-२ नावाची संकेतभाषाच काय ती समजते. आज उतरवून घेतलेली फाईल बहुधा तिच्या नंतर जन्मलेल्या एच.२६४ या भाषेत असते. म्हणून ती फाईल पूर्णपणे उलगडावी लागते, तिच्यातील प्रत्येक चौकट पुन्हा चित्ररूपास आणावी लागते, ते चित्र ७२० बिंदू रुंद आणि ५७६ ओळी उंच अशा ठराविक मापात बसवावे लागते, सेकंदाला पंचवीस चौकटी या हिशेबाने ते पुन्हा जुन्या भाषेत लिहावे लागते, आणि अखेरीस व्हिडिओ_टीएस नावाच्या कप्प्यात ठरलेल्या नावांचे तुकडे करून मांडावे लागते. या तुकड्यांत चित्रपट कोठे सुरू होतो, कोठे संपतो हे सांगणारी आयएफओ नावाची एक छोटी फाईल असते, आणि तिच्या शेजारी बीयूपी नावाने तिचीच तंतोतंत नक्कल ठेवलेली असते. असल खराब झाला तर कारभार नकलेवर चालावा, ही जुन्या दफ्तरदारांची दूरदृष्टी या यंत्रकारांनाही सुचली याचे मला कौतुक वाटले.

आता गीतेतील सर्वश्रुत दृष्टान्त येथे लावून पाहण्याचा मोह कोणालाही होईल. जीर्ण वस्त्र टाकून देही नवे वस्त्र घेतो, तसा चित्रपट एक संकेत टाकून दुसरा धारण करतो. वस्त्र बदलले, देही तोच. दृष्टान्त सुंदर आहे, पण या ठिकाणी तो लागू पडत नाही, हे थोडे बारकाईने पाहिले की ध्यानात येते. वस्त्रे बदलताना देही कमी होत नाही. फाईल मात्र दर वेळी कमी होते. एमपेगची सारी युक्तीच अशी की माणसाच्या डोळ्याला जे सहसा जाणवत नाही ते टाकून द्यावयाचे. छायेतील सूक्ष्म भेद, धावत्या वस्तूची कड, लाटांची चकाकी. एकदा टाकलेले पुन्हा मिळत नाही, आणि आधीच गाळून घेतलेले पुन्हा गाळले की तूट वाढत जाते. लोभाने एकाच चकतीवर तीन चित्रपट कोंबणाऱ्यांनी हे प्रत्यक्ष पाहिले असेल: स्थिर चेहरा ठीक दिसतो, पण नदीचे पाणी आले की त्याचे चौकोन पडतात. त्या दिवशी दुकानाच्या पडद्यावर पहिल्या चाचणीत इंद्रायणीचे असेच फरशीसारखे तुकडे झालेले मी पाहिले.

अद्वैती यावर म्हणेल की तोही काही भाग टाकतोच. काशीत पाहिलेला देवदत्त आज येथे भेटला असता ‘तोच हा’ असे आपण म्हणतो, तेव्हा तेव्हाचा काळ आणि आताचा काळ, तेथला देश आणि येथला देश हे परस्परविरोधी अंश सोडून देऊन उरलेल्या देवदत्तावर दृष्टी ठेवतो. याला भागत्यागलक्षणा म्हणतात आणि महावाक्याचा अर्थ लावण्यासाठी आचार्यांनी तिचा उपयोग केला. युक्तिवाद तोलामोलाचा आहे. तथापि भागत्यागात जे टाकावयाचे ते उपाधी म्हणून आधी ओळखावे लागते, आणि ओळखणारा विवेक टाकणाऱ्याच्या ठायी असावा लागतो. येथे टाकणारे एक गणित आहे, आणि इंद्रायणीचे पाणी ही उपाधी की स्वरूप हे त्या गणिताला ठाऊक नाही. तुकोबांच्या चित्रपटात, जेथे गाथा बुडते आणि तरते, तेथे पाणी उपाधी कसे म्हणावे?

बौद्धांचे उत्तर मला या बाबतीत अधिक प्रामाणिक वाटते. मिलिंद राजाला नागसेनाने सांगितले की एका दिव्याने दुसरा दिवा लावला असता पहिल्यातून दुसऱ्यात काहीही जात नाही, तरी दुसरा पहिल्यामुळेच पेटतो, पुनर्जन्मही तसाच. पेन ड्राइव्हवरील फाईलमधूनही चकतीत पदार्थ म्हणून काहीच गेले नाही. ६५० नॅनोमीटर लांबीच्या तांबड्या लेसरने चकतीतील सेंद्रिय रंगाचा थर ठिकठिकाणी भाजला गेला, आतून बाहेर फिरत जाणाऱ्या सुमारे बारा किलोमीटर लांबीच्या नागमोडी रेषेवर, जिचे दोन वेढे एकमेकांपासून ०.७४ मायक्रोमीटर अंतरावर असतात. आणि त्या भाजलेल्या व न भाजलेल्या जागांच्या क्रमातून तुकोबा पुन्हा उभे राहिले. कार्यकारणाची साखळी आहे, प्रवासी कोणी नाही. मात्र दिव्याच्या दृष्टान्तात एक उणीव राहतेच. दुसऱ्या ज्योतीला पहिलीसारखे असण्याचे बंधन नसते. ती मोठी असो, मिणमिणती असो, ज्योतच. नकलेला ते बंधन आहे.

आणि हे बंधन किती सहज मोडते ते ऐकावे. चित्रपट सेकंदाला चोवीस चौकटींचा, डीव्हीडी पंचवीसची. ज्या सोप्या रीतीने हा मेळ घालतात तीत चित्रपट थोडा वेगाने पळवितात. सव्वादोन तासांच्या खेळातून सुमारे पाच मिनिटे अशा रीतीने निघून जातात. शब्द एकही गळत नाही, प्रसंग एकही गळत नाही. पण आवाजाचा निराळा बंदोबस्त केला नसेल तर पांढरी एकमध्ये गायिलेला अभंग काळी एकच्या किंचित अलीकडे जाऊन बसतो. पेटीवर साथ करू पाहणाऱ्याला तो कोणत्याच पट्टीत सापडत नाही. दुसऱ्या बाजूने, मूळ फाईल ३६० ओळींची असेल तर तिच्या ५७६ ओळी करताना वाढीव ओळी शेजारच्या ओळींवरून अनुमानाने भरल्या जातात. पोथीच्या अभ्यासकांनी अशा ओळींना प्रक्षिप्त म्हणून केव्हाच बाजूस काढले असते.

पोथीचे नाव निघाले म्हणून पैठणची गोष्ट सांगणे भाग आहे. शके १२१२ मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या प्रती हस्तोहस्ती होत गेल्या, पाठ बिघडत गेले, आणि सुमारे तीनशे वर्षांनी, शके १५०६ मध्ये, एकनाथांनी प्रती ताडून ग्रंथ शुद्ध केला व यापुढे कोणी आपली ओवी त्यात घालू नये अशी ताकीद दिली. नाथ स्वतः थोर कवी. त्यांना सुधारणा सुचल्या नसतील असे कोण म्हणेल? त्यांनी हात आवरला. सर्व नकलाकारांचा आदर्श मला या आवरलेल्या हातात दिसतो. उलट टोकाला त्या चित्रपटातील सालोमालो आहे, जो तुकोबांचे अभंग स्वतःचे म्हणून मिरवितो. त्याने शब्द बदलला नाही तरी नक्कल खोटी ठरते, कारण असलाशी असलेले नाते त्याने नाकारले.

वैदिकांनी हा हात आवरण्याचा धर्म केवळ सद्भावावर सोपविला नाही. पदपाठ, क्रमपाठ, जटा, घन अशा रीतींनी तीच पदे पुढून, मागून, उलटसुलट म्हणावयाची, म्हणजे एका ठिकाणी घसरलेला स्वर दुसऱ्या ठिकाणी पकडला जातो. अर्थाला यातून काही लाभ नाही, रक्षणाला आहे. डीव्हीडीवर हेच काम रीड आणि सॉलोमन या दोन गणितज्ञांनी १९६० साली मांडलेली रीत करते: मजकुराच्या दर १९२ ओळींमागे सोळा ओळी निव्वळ पडताळणीच्या असतात, शिवाय प्रत्येक ओळीच्या शेवटी दहा बाइट त्याच कामाचे, आणि त्यांच्या बळावर ओरखड्याखाली गेलेला मजकूर प्लेयर परत हिशेबाने भरून काढतो. प्रक्षिप्त ओळ अनुमानाने येते, ही पुराव्याने येते. हा भेद लहान नव्हे.

एवढ्या विचारानंतर मी ज्या निष्कर्षावर आलो तो असा: असल आणि नक्कल यांचे एकत्व हा वस्तूत आपोआप राहणारा गुण नाही, ते नक्कल करणाऱ्यावर पडलेले कर्तव्य आहे, आणि ते तो जितके पाळील तितकेच ते असते. आत्म्याविषयी मी येथे काही सिद्ध करीत नाही; त्याला नकलाकाराची गरज नसेल. परंतु गाथा, कीर्तन, चित्रपट, लग्नाचे चित्रण, निधन पावलेल्या बहिणीचा आवाज, यांना त्याची गरज आहे. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारातील नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली आणि आरंभीच्या काळातील पुष्कळ मूळ रिळे जळून गेली. ज्यांच्या प्रती आधी काढून ठेवल्या होत्या ते चित्रपट उरले. असल गेल्यावर नक्कलच दफ्तरी रुजू होते. तेव्हा ती कोणी, किती सावधपणे केली, यावाचून विचारण्याजोगे दुसरे काही राहत नाही.

दुकानातील त्या मुलाला यातले काही सांगावे लागले नाही. पहिल्या चाचणीतील पाणी पाहून त्याने स्वतःच “अंकल, एक डिस्क में एक ही पिक्चर रखेंगे” म्हणून ठरविले, वेग सोळापटीवरून चौपटीवर आणला, भाजून झाल्यावर संगणकाकडून चकतीची फाईलशी रुजवात करून घेतली, आणि शेवटी ती फायनलाइज केली. शिवकालीन पत्राच्या अखेरीस मर्यादेचा शिक्का उठत असे, त्याच्यापुढे कोणाला अक्षर वाढविता येत नसे. चकतीचे मोर्तबही तेच करते, आणि ते राहिले तर पुष्कळसे प्लेयर तिला दारातच अडवितात. सारे आटोपायला दीड-दोन तास गेले. पैसे त्याने चकतीचे आणि वर थोडेसे, एवढेच घेतले.

ज्या वाचकांच्या घरी अशा फाईली आणि असा प्लेयर आहे त्यांना विनंती एवढीच की चकती हाती आली म्हणून मूळ फाईल पुसून टाकू नये, कारण पुढील नक्कल नकलेवरून न करता असलावरून करावयाची असते. चकती उन्हापासून दूर, उभी ठेवावी, कारण भाजलेला रंग उन्हाने विटतो. आणि कोणत्या फाईलवरून, कोणत्या तारखेला, कोणी प्रत केली हे डबीतील कागदावर लिहून ठेवावे. आजोबांच्या डबीत तो कागद आहे. त्यावर शेरा त्यांनी स्वतःच्या हाताने, मोडीत, मारला आहे.