राणीमुंगी आणि तिच्या दासी

मुंगीचें उदाहरण देऊन माणसाला नीति शिकविण्याची चाल फार जुनी आहे. उद्योग, शिस्त, निःस्वार्थ सेवा हे सारे गुण आम्ही लहानपणापासून तिच्या पदरीं बांधीत आलों. वारुळांत एक राणी प्रजा उत्पन्न करते आणि बाकीच्या दासी स्वतः निपुत्रिक राहून तिची संतति वाढवितात. यापरतें त्यागाचें उदाहरण कोठें सांपडणार, असें आमच्या पुष्कळ वाचकांस वाटत असेल. आम्हांसही वाटत असे.

या निपुत्रिक दासींनीं डार्विनलाही कोड्यांत टाकलें होतें. ज्यांना अपत्येंच होत नाहींत त्यांचे गुण पुढच्या पिढींत उतरतात कसे, ही अडचण त्यानें १८५९ सालच्या आपल्या ग्रंथांत मोकळेपणानें कबूल केली, आणि निसर्गाची निवड येथें सबंध कुटुंबाला लागू पडत असावी असें उत्तर सुचविलें. १९६४ सालीं हॅमिल्टननें त्या विचाराला गणिताचा आधार दिला. आप्तांच्या द्वारा आपलेंच रक्त पुढें जात असेल, तर स्वतः प्रसवलें नाहीं तरी भागतें. आतां प्रश्न मिटला म्हणून पुस्तक बंद करावें, तों आपल्याच देशांतली एक मुंगी आडवी येते.

लांब जबड्यांची, टपोऱ्या डोळ्यांची, भक्ष्यावर उडी घेणारी ही मुंगी दक्षिण भारतांत आढळते. जर्डन या प्राणिशास्त्रज्ञानें १८५१ सालीं तिचें पहिलें वर्णन केलें. तिचें शास्त्रीय नांव हार्पेग्नेथॉस सॉल्टेटर. हिची राणी पंख घेऊन जन्मते, उडून दूर जाते आणि एकटीनें नवें घर मांडते. येथवर सारें परिचित आहे. परंतु राणी मेली कीं दासी समोरासमोर उभ्या राहून एकमेकींवर स्पर्शिकांचे फटकारे ओढूं लागतात. हें द्वंद्व कधीं कधीं ४० दिवसांपर्यंत चालतें. त्यांतून कांहीं जणी विजयी होतात, घरांतल्याच नरांशीं समागम करतात आणि अंडीं घालूं लागतात. एरवीं सुमारें ७ महिने जगणारी दासी मग चार वर्षांपर्यंत जगूं शकते. तिचे अंडाशय वाढतात, विष कमी होतें, आणि मेंदू मात्र २० ते २५ टक्क्यांनीं लहान होतो. शिकार करावयाची नाहीं, वाट शोधावयाची नाहीं, मग एवढा मेंदू पोसावयाचा कशाला? (सत्ता मिळतांच डोकें आटतें हें ऐकून आमच्या एका राजकारणी मित्रास फार राग आला.)

याहून नवलाची गोष्ट २०२१ सालीं प्रसिद्ध झाली. अमेरिकेंतल्या संशोधकांनीं अशा विजयी मुंग्या कांहीं आठवडे एकांतांत ठेवल्या, तेव्हां त्यांची प्रजननशक्ति ओसरली. पुन्हा घरीं सोडतांच इतर दासींनीं त्यांना जबड्यांत धरून अडकवून ठेवलें. त्या परत दासी झाल्या, आणि आटलेला मेंदू पूर्ववत् वाढला.

सर्वच मुंग्यांत असें घडतें असें नाहीं. कित्येक प्रकारांतल्या दासींना अंडाशयच नसतात; त्यांची वाट अळीच्या अवस्थेंतच बंद झालेली असते. पण जेथें ती बंद नाहीं तेथें काय दिसतें? राणीच्या अंगचा गंध ती प्रसवक्षम असल्याची ग्वाही देत असतो, तोंवर दासी थांबून राहतात. एखादीनें मर्यादा ओलांडली तर तिच्या बहिणीच तिला धरतात. यांत मुंगीचा दोष नाहीं आणि थोरवीही नाहीं. तिला इच्छा असते कीं नसते या वादांत आम्ही शिरत नाहीं. आमचा आक्षेप आमच्याच शब्दावर आहे. ज्याला दुसरी वाट मोकळी होती त्याच्या सेवेला आम्ही त्याग म्हणूं. जिच्याभोंवतीं चार जबडे पहारा देत आहेत तिच्या सेवेला तें नांव देणें ही फार सोयीची भाषा झाली. शास्त्रज्ञ मुंग्यांच्या या वर्गांना जो इंग्रजी शब्द लावतात, तोही पोर्तुगीजांनीं आपल्या जातींना लावलेल्या 'कास्ता' या शब्दावरून आलेला आहे. म्हणजे मुंगीला जात आमच्याकडून मिळाली, आणि मग तिच्याकडे बोट दाखवून जात निसर्गसिद्ध असल्याचें सांगणारेही निघाले.

आमच्या घरीं आजोबांची एक विधवा बहीण होती. आम्ही तिला आत्याआजी म्हणत असूं. पहाटेपासून रात्रीपर्यंत ती स्वयंपाकघरांत असे, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण तिच्या त्यागाचें कौतुक करी. पुढें आजी वारली आणि किल्ल्यांचा जुडगा आत्याआजीच्या कमरेला आला. वर्ष सरण्यापूर्वीं तिनें शेताचा थकलेला खंड वसूल केला, भाऊबंदांशीं चाललेला एक जुना तंटा मिटविला, आणि ओसरीवर बसून पुरुषांशीं मोठ्यानें बोलूं लागली. घरचीं सारीं माणसें म्हणत, आत्याबाई किती बदलल्या! आजोबा मात्र एकदां हळूच म्हणाले, "लहानपणीं ती अशीच होती."