सावलीसकट

सावंतवाडीच्या चितार आळीतला लाकडी आंबा हातात घेतला की त्याचं हलकं वजन, रंगाचा थर, देठापाशी कुंचला थांबल्याची खूण हे सगळं एकदम कळतं. फोटोत वजन येत नाही, स्पर्शही नाही. आणि आज दूरचं गिऱ्हाईक फोटो बघूनच वस्तू घेतं. तरीही चांगल्या फोटोला महागडा स्टुडिओ लागतो ही समजूत काही जात नाही, आणि सुंदर वस्तू ट्यूबलाइटखाली, पलंगावरच्या फुलाफुलांच्या चादरीवर टिपल्या जातात.

छोट्या वस्तूचं भाग्य असं, की तिला थोडक्यात भागतं. सावलीची कड मऊ पडणार की करकरीत, हे वस्तूच्या मानाने उजेडाचा उगम केवढा आहे यावर ठरतं. माणसाला मऊ उजेडात टिपायचं तर खिडकीएवढा पडदा हवा. तीन इंची आंब्याला वहीच्या पानाएवढा ट्रेसिंग पेपर पुरे. वाण्याकडून पुठ्ठ्याचं खोकं आणावं, एका बाजूला चौकोन कापून त्यावर हा कागद चिकटवावा आणि बाहेरून एलईडीचा टेबललॅम्प लावावा. पुठ्ठ्याजवळ तापणारा जुना बल्ब नको. आत पांढरी कार्डशीट मागच्या बाजूने घडी न घालता गोलाईने खाली आणली की कोपरा दिसत नाही. रंगवलेल्या चकचकीत फळावर उघडा दिवा टोचणाऱ्या ठिपक्यासारखा उमटतो. कागदातून आलेला उजेड रुंद पसरतो आणि फळाची गोलाई दाखवतो.

दिवा एकच ठेवावा. ६५०० केल्विनचा पांढरा आणि खोलीतला ३००० केल्विनचा पिवळा एकत्र जळत असले तर वस्तूची एक बाजू निळसर, दुसरी पिवळट येते. फोनला दोन्ही एकदम सुधारता येत नाहीत. वेष्टणावर सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ९० किंवा जास्त असेल तर उत्तम. हलक्या एलईडीत लाल रंग विझल्यासारखा दिसतो, आणि आपल्या कारागिरीत लाल किती! पांढरी पार्श्वभूमी दिसली की फोन फोटो काळपट करतो, तेव्हा स्क्रीनवर फोटोचा उजेड थोडा वाढवून घ्यावा.

इथवर बहुतेक जण नीट येतात. मग दुसऱ्या बाजूला दिवा, वर तिसरा, आणि सावली पार पुसून टाकतात. ही सवय ऑनलाइन दुकानांनी लावली: पांढरं शुभ्र मैदान आणि त्यावर अधांतरी वस्तू. साच्यातून निघालेल्या प्लास्टिकच्या आंब्याचं त्याने काही बिघडत नाही. हाताच्या कामाचं बिघडतं, कारण रंगाचा उंचवटा, टाक्याची जाडी, कोरणीचा घाव हे सगळं तिरप्या उजेडातच दिसतं. सावंतवाडीच्याच दशावतारी गंजिफाच्या खेळात १२० गोल पत्ते असतात, सगळे हाताने रंगवलेले. चहूबाजूंनी उजेड ओतला की त्यातला पत्ता आणि छापखान्यातला पत्ता एकसारखे दिसतात. मग गिऱ्हाईक विचारतं, एवढी किंमत कशाची? त्याचं काय चुकलं? किमतीचं कारण आपणच फोटोतून पुसलेलं असतं. मोडकळीला आलेली गंजिफाची ही कला सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी तिथल्या राजवाड्यात चितारी बसवून पुन्हा उभी केली. ती फोटोत छापील मालासारखी दिसावी, हे मला सोसत नाही.

सावली फारच गडद वाटली तर दिव्याच्या विरुद्ध बाजूला थर्माकोलचा तुकडा उभा करावा. ती उजळते, पण राहते. एखादी रेघ हलली असेल, रंग जरा बाहेर गेला असेल, तर तेही दिसू द्यावं. वस्तू घरी पोचल्यावर ते दिसणारच आहे.

तेव्हा खोक्याची दुसरी बाजू कापू नका. आणि निदान एक फोटो कारागिराच्या तळहातावर वस्तू ठेवून काढा, म्हणजे ती केवढी आहे हे मापं न वाचता कळेल.